टोळीतली पोरं, आकडे आणि शेजारचा वाफा

नव्या वाणाचे बियाणे घेऊन कोणी गावात आले, एका शेतातली चार भरलेली कणसे दाखवली आणि "एकरी इतके पडले" असे सांगितले, तर तुम्ही लगेच पिशवी घेत नाही. जमीन कसली होती, पाणी किती दिले, खत काय टाकले, हे विचारता. आणि मुख्य म्हणजे विचारता, त्याच शेतात शेजारी जुने वाण लावले होते का? ते किती पडले? सांगणारा माणूस इथे चाचरला की तुम्ही समजायचे ते समजता.

हाच प्रश्न पोरांच्या बाबतीत मात्र कोणी विचारत नाही. "आमच्या शिबिराने इतकी मुले गुन्हेगारीच्या वाटेवरून परत आणली" असा आकडा व्यासपीठावरून आला, की सरपंच, पोलीस पाटील, शाळा समितीची मंडळी सगळे माना डोलावतात. शेजारच्या वाफ्याची चौकशी करायचे कोणाच्या मनातही येत नाही.

तरुण मुलांची हिंसा, त्यांच्या टोळ्या आणि त्यांना त्यातून बाहेर काढण्याचे उपाय यांवर अमेरिकेत गेली ऐंशी-नव्वद वर्षे संशोधन चालू आहे. त्यातले काही कसदार आहे, बरेचसे पोचट आहे. कसदार कोणते आणि पोचट कोणते हे ओळखायला तो देश फार महागात शिकला, म्हणून तिथली हकिगत आज सांगतो. उद्या तुमच्या ग्रामसभेत कोणी असा उपक्रम घेऊन उभा राहिला, तर उपयोगी पडेल.

न्यू जर्सी राज्यात तेव्हा राहवे नावाने ओळखले जाणारे एक मोठे तुरुंग आहे. जन्मठेपेच्या कैद्यांनी तिथे १९७६ साली एक उपक्रम सुरू केला. वाकड्या वाटेला लागलेल्या पोरांना तुरुंगात आणायचे, कोठड्या दाखवायच्या आणि मग कैद्यांनी त्यांच्या अंगावर धावून जात, शिव्या घालत, आत काय काय भोगावे लागते ते सांगायचे. पोरं घाबरतील आणि सरळ होतील, हा हिशेब. १९७८ साली त्यावर 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाचा माहितीपट निघाला. 'घाबरवून सरळ केलेले' असा त्याचा अर्थ. त्यात सतरा मुले-मुली होती. येताना उर्मट, जाताना रडवेली. तीन महिन्यांनंतर सतरापैकी सोळा जणांनी काही गुन्हा केलेला नाही, असे त्यात सांगितले होते. म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव! या माहितीपटाला ऑस्कर मिळाले, घरोघरी टीव्हीवर तो दिसला आणि अनेक राज्यांनी आपापल्या तुरुंगांत तोच प्रकार सुरू केला. खर्च कमी, नाट्य भरपूर, आणि "पोरांना जरा दम दिला पाहिजे" हे लोकांच्या मनात आधीपासूनच होते. (छडी खाऊन शिकलेली आपली पिढीही यात मागे नाही.)

आता जरा थांबा आणि त्या सतरा पोरांकडे नीट बघा. ती निवडली कोणी? तीन महिने म्हणजे किती काळ? आणि तुरुंगात न नेलेली, पण अशाच वळणाची सतरा पोरं त्या तीन महिन्यांत काय करत होती? माहितीपटात याचे उत्तर नाही. एका शेतातली चार कणसे, एवढाच तो पुरावा.

रटगर्स विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स फिंकेनॉअर यांनी मग शेजारचा वाफा तयार केला. एकाच प्रकारच्या मुलांची यादी घेतली आणि कोणाला तुरुंगात न्यायचे, कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे असे योजले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची नोंद तपासली. तुरुंगात नेलेल्या ४६ पैकी १९ जणांच्या नावावर नवा गुन्हा होता. न नेलेल्या ३५ पैकी फक्त ४ जणांच्या नावावर. शेकड्यात मांडायचे तर ४१ विरुद्ध ११. औषध फवारले त्या वाफ्यात कीड जास्त!

पण इथेही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मुले पाठवणाऱ्या काही संस्थांनी चिठ्ठ्यांचा नियम नीट पाळला नाही, असे पुढे दिसून आले. गट लहान होते. एका हंगामाचा, एका गावाचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. म्हणून अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी या जातीचे सगळे काटेकोर प्रयोग शोधून काढले. १९६७ ते १९९२ या काळात आठ राज्यांत झालेले नऊ प्रयोग सापडले, त्यांत मिळून हजाराच्या आसपास मुले होती. २००२ साली त्यांचा एकत्रित ताळेबंद प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच. तुरुंग दाखवून आणलेली मुले न नेलेल्यांपेक्षा जास्त बिघडली. म्हणजे काहीच केले नसते तरी पोरांचे त्याहून बरे झाले असते. का, याचे अंदाज अनेक आहेत. कोणी म्हणते पोरांना तो मर्दपणाचा सामना वाटला, कोणी म्हणते एकत्र नेल्याने उनाड पोरांची आपसांत गट्टी जमली. अंदाज काहीही असो, ताळेबंद स्पष्ट होता. आणि तरीही २०११ साली अमेरिकेच्या टीव्हीवर याच प्रकारची नवी मालिका सुरू झाली आणि ती काही वर्षे चालली. टीव्हीला कोवळ्या पोरांचे रडणे पुरते, ताळेबंद लागत नाही.

शेजारच्या वाफ्याची ही कल्पना समाजशास्त्राने शोधलेली नाही, ती शेतीची देणगी आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. जमिनीचा एक कोपरा कसदार, दुसरा पाणथळ, मग खताचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी उत्तर दिले की कोणत्या वाफ्यात काय टाकायचे ते माणसाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरू द्यावे, आणि एकच प्रयोग अनेक वाफ्यांत पुन्हा करावा. आपल्याकडे हे शास्त्र रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी १९५४ साली शेती संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या तुमच्या मुलाला 'पानसे-सुखात्मे' विचारा, तो लगेच मान हलवील.

पीक कापणी प्रयोग तर तुम्ही दर हंगामात बघता. कोणत्या गटात चौकोन आखायचा हे तलाठी किंवा कृषी सहायक यांच्या मर्जीवर सोडलेले नसते, आकड्यांच्या तक्त्यावरून काढायचे असते. का? कारण मर्जीवर सोडले तर चौकोन रस्त्याकडेच्या, दिसायला बऱ्या शेतात पडणार. विमा कंपनीचा माणूस असेल तर त्याला भरघोस शेत हवे, शेतकऱ्याला उजाड. पोरांच्या उपक्रमातही असेच घडते. संस्था आपणहून येणारी, आईबाप पाठीशी असलेली, ऐकणारी पोरं निवडते. ती पोरं बहुधा आपोआपही सुधारली असती. मग श्रेय उपक्रमाला जाते.

"पण पोरं स्वतःच सांगतात की आम्हाला फायदा झाला!" असे म्हणाल. ठीक आहे, त्याचीही गोष्ट ऐका. मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सोमरव्हिल या शेजारच्या गावांत रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी एक मोठा प्रयोग उभा केला. ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या, दोघे वयाने, घराने, स्वभावाने सारखे. नाणे उडवून एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही. मदत म्हणजे साधीसुधी नव्हे. १९३९ पासून सरासरी पाच वर्षे समुपदेशक घरी जात होते, महिन्यातून दोनदा. शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिरे, सगळे काही. यापेक्षा मायेने कोणी काय करील?

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने यातली जवळपास सगळी मुले, आता पन्नाशीकडे आलेली माणसे, शोधून काढली. १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितले, आमचे भले झाले. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. पण कोर्टाची, दवाखान्याची आणि मृत्यूची दप्तरे वेगळेच सांगत होती. जोडीतल्या दुसऱ्या माणसाच्या तुलनेत मदत मिळालेल्यांत दारूचे व्यसन जास्त, पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण जास्त, आयुष्य कमी. नाण्याने पाडलेली जोडी नसती तर हे कधीच कळले नसते. ज्याने मदत घेतली तो माणूस "मदत मिळाली नसती तर मी कसा असतो" हे सांगू शकत नाही. त्याने ते आयुष्य जगलेलेच नसते.

आता हंगामाकडे येऊ. सलग दोन वर्षे बोंडअळीने कापूस खाल्ला, तिसऱ्या वर्षी तुम्ही नवे औषध फवारले आणि अळी कमी झाली. औषधाचा गुण की पावसाचा? बॉस्टन शहरात असाच पेच पडला. तिथे चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांचे खून महिन्याला सरासरी साडेतीन होत होते. १९९६ साली पोलीस, सुटलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे अधिकारी आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते यांनी टोळ्यांना बोलावून समोरासमोर बजावले, की तुमच्यातल्या एकाने गोळी चालवली तर साऱ्या टोळीवर कारवाई होईल, आणि सोडायचे असेल तर मदत देऊ. त्यानंतर आकडा महिन्याला १.३ वर आला, म्हणजे ६३ टक्के घट. देशभर गाजावाजा झाला. पण त्याच वर्षांत अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत खून कमी होत होते, आणि बॉस्टनला शेजारचा वाफा नव्हता. पुढे इतर शहरांत हाच उपाय झाला, तुलनेचे भाग घेऊन अभ्यास झाले. गुण आहे असे दिसले. मात्र अभ्यास जितका काटेकोर, तितका गुण लहान. माझ्या मते हा उपाय चांगलाच आहे. फक्त ६३ चा आकडा घेऊन कोणी आला तर त्यातला पावसाचा वाटा वेगळा काढायला सांगा.

यापुढचा भाग ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी मुद्दाम वाचावा, कारण तो दप्तराचा आहे. टोळी म्हणजे काय? कोपऱ्यावर रोज बसणारी सहा पोरं टोळी का? लॉस एंजेलिसच्या पोलिसांची रीत अशी की मारणारा किंवा मरणारा टोळीतला असला की खून टोळीचा. शिकागोची रीत अशी की खुनाचे कारण टोळीशी जोडलेले असेल तरच तो टोळीचा. संशोधकांनी लॉस एंजेलिसचे खून शिकागोच्या मापाने मोजून पाहिले, तेव्हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. खून तेच, मेलेली माणसे तीच. आणेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाचे काय काय ठरते हे तुम्ही जाणता. माप बदलले की दप्तरातले चित्र बदलते, शेतातले पीक तेच राहते. म्हणून 'टोळीचे गुन्हे दुप्पट झाले' अशी बातमी आली की आधी विचारावे, मोजण्याची रीत तर बदलली नाही?

कॅलिफोर्नियात टोळीवाल्यांची एक संगणकीय यादी होती, कॅलगँग नावाची. राज्याच्या लेखापरीक्षकाने २०१६ साली ती तपासली. यादीत ४२ नावे अशी सापडली की नोंद झाली तेव्हा त्यांचे वय एक वर्षाहून कमी होते. त्यातल्या २८ जणांच्या नावापुढे कारण लिहिले होते, "टोळीत असल्याचे स्वतः कबूल केले." पाळण्यातल्या पोराने कबुलीजबाब दिला! सातबाऱ्यावर मयत माणसाचे नाव वर्षानुवर्षे राहते याची आपल्याला सवय आहे, त्यामुळे हसू येईल. पण अशा यादीवर नाव असले की पोलीस त्या पोराला त्याच नजरेने बघतात, आणि अशा यादीवरून केलेले संशोधनही त्याच लायकीचे निघते.

यादीवर विसंबण्याऐवजी मुलांनाच वर्षानुवर्षे विचारत राहणे हा त्यावरचा बरा मार्ग. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९८८ साली टेरेन्स थॉर्नबेरी यांनी हजार शाळकरी मुलांचा असा पाठपुरावा सुरू केला. प्रश्न जुनाच होता. वाईट पोरं टोळीत जातात की टोळी पोरांना वाईट करते? आपली म्हण सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. रॉचेस्टरच्या आकड्यांनी बऱ्याच अंशी पवळ्याची बाजू घेतली. थोडा काळ टोळीत राहिलेली मुले आधी इतरांहून फार वेगळी नव्हती. टोळीत असताना त्यांची मारामारी वाढली, बाहेर पडल्यावर उतरली. आणखी एक गोष्ट कळली. टोळीत गेलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी वर्षभरातच आपणहून बाहेर पडली. आता कोणी संस्था म्हणाली, "आमच्याकडे आलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी वर्षात टोळी सोडली", तर त्यात संस्थेने काय केले? काही नाही केले तरी तेवढे होतच होते.

मोठ्या विद्यापीठाचे नाव पाठीशी असले की आकडा खरा, असेही समजू नका. प्रिन्स्टनच्या जॉन डियुलिओ या प्राध्यापकांनी १९९५-९६ साली इशारा दिला की अमेरिकेत पोरांच्या रूपातली श्वापदे वाढत आहेत आणि २०१० पर्यंत ती आणखी २,७०,००० होतील. आधार काय? फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या मुलांच्या एका अभ्यासात सहा टक्के मुलांनी निम्म्याहून अधिक गुन्हे केले होते. तो सहाचा आकडा पुढच्या पिढीच्या लोकसंख्येला गुणला, बस्स. एका गावच्या एका हंगामावरून देशाचे पुढच्या पंधरा वर्षांचे उत्पादन काढण्यासारखेच हे. त्या दशकात जवळपास सगळ्या राज्यांनी अल्पवयीनांवर मोठ्यांसारखे खटले चालवणे सोपे करणारे कायदे केले. प्रत्यक्षात हिंसक गुन्ह्यांसाठी मुलांना होणाऱ्या अटकेचे प्रमाण १९९४ नंतर उतरत गेले आणि निम्म्याहून खाली आले. प्राध्यापकांनी पुढे आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले. तुरुंगात गेलेल्या पोरांची वर्षे मात्र परत येत नाहीत.

चांगले संशोधन मग कसे दिसते? एक उदाहरण पुरे. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात १९९१ साली गणवेशातले पोलीस शाळेत जाऊन टोळीविरोधी धडे देऊ लागले. 'ग्रेट' हे त्या कार्यक्रमाचे नाव. फिन एस्बेन्सन यांनी त्याची पारख केली. पहिल्या, घाईच्या पाहणीत धडे घेतलेली मुले इतरांपेक्षा बरी दिसली. मग त्याच मंडळींनी अनेक वर्षे मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा टोळीत जाण्याच्या बाबतीत फरकच सापडला नाही. पहिला निकाल गोड होता, दुसरा कडू. त्यांनी दोन्ही छापले. कार्यक्रम चालवणाऱ्यांनीही रागावण्याऐवजी धडे नव्याने लिहिले, भाषण कमी केले, सराव वाढवला. नव्या धड्यांची पारख सात शहरांतल्या एकतीस शाळांत झाली, कोणत्या वर्गाला धडे द्यायचे ते चिठ्ठीने ठरले. वर्षभरानंतर टोळीत जाण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र मारामारी-चोरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही त्यांनी त्याच अहवालात लिहिले. काय जमले आणि काय जमले नाही हे दोन्ही सांगणारा अहवाल दिसला, तर तो जरा सबुरीने वाचावा.

तुमच्या गावात हे कसे करायचे? समजा, एखादा उपक्रम आला आहे, जागा तीस आहेत आणि नावे साठ आली आहेत. कोणाचा पुतण्या, कोणाचा भाचा, ही ओढाताण होणारच. अशा वेळी ग्रामसभेतच सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. लहान मुलाच्या हाताने काढा, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही. भांडणही मिटले आणि शेजारचा वाफाही तयार झाला. उरलेल्या तिसांना पुढच्या वर्षी घेता येईल. मात्र त्या तिसांची नावे फेकून देऊ नका. उपक्रम सुरू होण्याआधीच ठरावात लिहून घ्या की काय मोजायचे, शाळेतली हजेरी, पोलिसांकडची तक्रार, की आणखी काही, आणि ते साठही मुलांचे मोजायचे. मधेच सोडून गेलेल्या मुलाचेही मोजायचे. त्याचे नाव गाळले की टक्केवारी फुगते, ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. नोंद ठेवणारा माणूस संस्थेचा नसावा. आणि मुलांची नावे असलेली वही चावडीवर पडून राहू नये, कुलपात असावी, नाहीतर गावातच एक छोटी कॅलगँग तयार होईल. नोंद पुढच्या हंगामात पुन्हा घ्यायची आहे, तेव्हा ती कोणी घ्यायची त्याचे नावही त्याच ठरावात असू द्या. ग्रामसेवकाची बदली त्याआधीच झालेली असते.